झग्याआडच्या जखमा

सप्टेंबर लागला की टोरंटोच्या एटोबिको भागातल्या दुकानांत केशरी टी-शर्टांचे ढीग दिसू लागतात. शाळेतून चिठ्ठी येते, ३० तारखेला सगळ्या मुलांनी केशरी घालून यावं. भारतातून नव्यानं आलेले आईबाप शर्ट आणतात, मुलाला घालून पाठवतात आणि मोकळे होतात. त्या शर्टामागची हकिगत फार कमी घरांत सांगितली जाते. १९७३ साली ब्रिटिश कोलंबियातल्या विल्यम्स लेकजवळ सेंट जोसेफ्स मिशन या निवासी शाळेत फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची मूलनिवासी मुलगी दाखल झाली. आजीनं हौसेनं घेतलेला तिचा नवा केशरी शर्ट पहिल्याच दिवशी उतरवून घेतला गेला आणि तो तिला पुन्हा दिसला नाही. ही शाळा कॅथलिक मिशनची. ओब्लेट पाद्री आणि चाइल्ड जीझस संघाच्या धर्मभगिनी तिथे कित्येक दशकं होत्या.

आपल्या मराठी डोक्यातली सिस्टर निराळी असते. ती पांढऱ्या झग्यातली, इंग्रजी उच्चार घोटून घेणारी, नखं तपासणारी, वेळप्रसंगी पट्टीनं बोटं शेकणारी; पण तिच्या हाताखालून गेलेल्या मुलीला लग्नाच्या जाहिरातीत 'कॉन्व्हेंट शिक्षित' म्हणून भाव मिळायचा. हिंदी सिनेमानं तिला आणखी सोपं करून टाकलं. पावसाळी रात्री पायरीवर सोडलेलं बाळ उचलायला ती हमखास दार उघडते. ओंटारियोत राहायला आल्यावर या चित्राला तडे जातात. इथे कॅथलिक शाळा सरकारी पैशावर चालतात, आणि माध्यमिक वर्गांत कॅथलिक नसलेल्या मुलांनाही प्रवेश मिळत असल्यामुळे देशपांडे-पाटलांची मुलंही तिथे जातात. आणि इथेच टीव्ही लावला तर सिस्टरांच्या हातून मार खाल्लेली सत्तरीची माणसं रडताना दिसतात.

म्हणून धर्मभगिनी आणि जुना आघात या विषयावरचे चित्रपट एकत्र मांडून बघावेत असं वाटलं. अशा चित्रपटांची संख्या कमी नाही. पण बहुतेकांनी एक ठरावीक वाट धरली आहे. जखम म्हणजे कुलूप लावलेली पेटी, योग्य माणूस किल्ली घेऊन येतो, शेवटाकडे पेटी उघडते, आत काय होतं ते कळतं आणि प्रेक्षक सुटतो. माझ्या मते या वाटेनं गेलेले चित्रपट कितीही चांगले वठले तरी अर्धेच राहतात. दुसरी अडचण याहून मोठी आहे. जखम नेमकी कुणाची, झगा घातलेल्या बाईची की तिच्या ताब्यात असलेल्या मुलाची? दोन्ही एकाच चौकटीत धरण्याची हिंमत फार थोड्यांनी केली आहे.

पेटीवाल्या चित्रपटांचा मेरुमणी इथल्या अंगणातच तयार झाला. 'ॲग्नेस ऑफ गॉड' (१९८५) हा टोरंटोत जन्मलेल्या नॉर्मन ज्युइसन यांचा चित्रपट. गोष्ट माँट्रियलच्या आसपासची, पण मठ म्हणून पडद्यावर दिसतं ते रॉकवूड गावातलं जुनं दगडी विद्यालय, एटोबिकोहून गाडीनं तासाभराच्या अंतरावर. गंमत अशी की ही वास्तू १८५० च्या सुमारास एका क्वेकर मास्तरानं मुलांची शाळा म्हणून सुरू केली. क्वेकर पंथाला ना पाद्री मान्य, ना मठ. कॅमेऱ्यामागे स्वेन निक्विस्ट, म्हणजे इंगमार बर्गमनचे छायाचित्रकार. त्यामुळे ओंटारियोचा हिवाळी उजेड इतका खरा आला आहे की इथे राहणाऱ्याला पाहतानाच थंडी वाजते.

मूळ नाटक जॉन पीलमायर यांचं, १९८२ मध्ये ब्रॉडवेवर आलेलं. ज्या घटनेवरून ते सुचलं ती १९७६ ची. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळच्या एका मठात एका सिस्टरच्या खोलीत मृत अर्भक सापडलं. पुढच्या वर्षी खटला चालला आणि ती निर्दोष सुटली. रॉचेस्टर म्हणजे आमच्या ओंटारियो तळ्याचा पलीकडचा काठ. नाटकात आणि चित्रपटात ही सिस्टर म्हणजे ॲग्नेस, जगाची हवा न लागलेली, देवदूतासारखं गाणारी, आपल्याला मूल झालं हेच न आठवणारी. ते मूल कचऱ्याच्या टोपलीत मेलेलं मिळालं आहे. न्यायालय मानसोपचारतज्ज्ञ मार्था लिव्हिंगस्टन (जेन फोंडा) हिला पाठवतं. समोर मठाची प्रमुख मदर मिरियम (ॲन बँक्रॉफ्ट). ॲग्नेसच्या भूमिकेत मेग टिली.

यातली एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते, ती म्हणजे सिगारेट. डॉक्टरीणबाई एकामागून एक ओढत असतात. हळूहळू कळतं की ॲग्नेसची आई तिला सिगारेटचे चटके द्यायची. म्हणजे जी बाई हिला बरं करायला आली आहे तिच्या बोटांत तेच हत्यार जळतं आहे. एका प्रसंगात मदर मिरियम आणि डॉक्टर मिळून सिगारेट ओढतात, कुठला संत आज असता तर कुठला ब्रँड ओढला असता यावर हसतात. प्रेक्षकही हसतो. चटक्यांची हकिगत कळल्यावर ते हसू नरड्यात अडकतं. ज्युइसन याचा कुठेही गवगवा करत नाहीत. लक्षात आलं त्याला आलं. जुना आघात वर्तमानात कसा वावरतो याचं इतकं नेमकं चित्र पुढच्या संमोहनाच्या लांबलचक प्रसंगांत नाही.

संमोहन हीच या चित्रपटाची किल्ली, आणि तिथेच तो जुना पडतो. डॉक्टर ॲग्नेसला दोनदा संमोहित करते आणि दडलेलं सगळं बाहेर येतं. १९८० च्या दशकात अशा 'परत मिळालेल्या' आठवणींवर लोकांचा गाढ विश्वास होता. त्याची सुरुवातही कॅनडातच झाली म्हणायला हरकत नाही. १९८० साली व्हिक्टोरियातले कॅथलिक मानसोपचारतज्ज्ञ लॉरेन्स पॅझडर आणि त्यांची रुग्ण मिशेल स्मिथ यांनी 'मिशेल रिमेंबर्स' हे पुस्तक काढलं. बालपणी सैतानपूजकांनी छळल्याच्या आठवणी उपचारांत परत आल्याचा त्यात दावा होता. दाव्याला पुरावा कधी मिळाला नाही, पण त्यातून उठलेल्या हलकल्लोळात अमेरिकेत निरपराध माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात गेली. या प्रकरणावर 'सेटन वाँट्स यू' (२०२३) हा उत्तम कॅनेडियन माहितीपट आहे. संमोहनात आठवण सापडते तशीच नवी रचलीही जाते, हे संशोधकांनी नंतर दाखवून दिलं. हे कळल्यावर ॲग्नेसच्या तोंडून वदवून घेतलेलं सत्य पूर्वीसारखं पचत नाही. खऱ्या छळाच्या बाजूनं बोलणाऱ्यालाही हे मान्य करावं लागतं, नाहीतर उद्या खरं बोलणाऱ्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

तरी चित्रपट टिकतो तो टिलींमुळे. त्यांच्या बालपणाचा काही काळ ब्रिटिश कोलंबियातल्या बेटावर गेला. 'सिंगिंग साँग्ज' (१९९४) आणि 'जेमा' (२००६) या कादंबऱ्यांत त्यांनी पुढे बालपणीच्या अत्याचारांचा विषय हाताळला आणि आपल्यावर गुदरलेल्या गोष्टींबद्दल उघडपणे बोलल्याही. कॅमेऱ्यासमोर त्या जखम 'दाखवत' नाहीत; प्रश्न आला की नजर किंचित बाजूला सरकते, एवढंच.

नाटकाचा आणि चित्रपटाचा शेवट वेगळा आहे आणि त्या फरकात बरंच काही आहे. नाटकात ॲग्नेसला मनोरुग्णालयात धाडतात, तिथे तिचं गाणं थांबतं, अन्न सुटतं आणि ती मरते. चित्रपटात ती मठात परतते. मनोरुग्णालय म्हणजे सुटका आणि मठ म्हणजे कैद असं सरळ गणित मांडणाऱ्यांनी एटोबिकोत एक फेरी मारावी. हंबर शिक्षणसंस्थेच्या लेकशोर परिसरातल्या सुबक लाल विटांच्या इमारती म्हणजे १८९० साली उघडलेलं मिमिकोचं वेड्यांचं इस्पितळ. ते १९७९ मध्ये बंद झालं. हॉर्नर आणि इव्हान्स रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्याची दफनभूमी आहे, तिथे १,५११ रुग्ण पुरले आहेत आणि बहुतेकांच्या डोक्याशी नावाचा दगडसुद्धा नाही. इस्पितळ बंद होऊन पाच वर्षंही झाली नव्हती तोच त्याच इमारतींत 'पोलीस ॲकॅडमी' हा खोखो हसवणारा चित्रपट आला. जागेला स्मृती असते असं म्हणतात. सिनेमावाल्यांना भाडं परवडलं की पुरे.

हेच नाटक मुंबईत महाबानू मोदी-कोतवाल आणि कैझाद कोतवाल यांनी २०१५ च्या ऑक्टोबरात मंचावर आणलं तेव्हा कॅथलिक संघटनांनी बंदीची मागणी केली. धर्मभगिनींची बदनामी होते, हा आक्षेप. मला तो आक्षेप उलट्या बाजूनं खटकला. नाटकातली सर्वांत समंजस, सर्वांत विनोदी आणि सर्वांत जखमी बाई मदर मिरियमच आहे. लग्न, संसार, मुलं सगळं करून मठात आलेली, ॲग्नेसची सख्खी मावशी, बहीण व्यसनी आहे हे माहीत असूनही वेळेवर पुढे न झालेली. तिच्यावर स्वतंत्र चित्रपट व्हायला हवा होता.

मागे वळून पाहिलं तर सिनेमाला मठाचं वेड जुनं आहे. 'ब्लॅक नार्सिसस' (१९४७) मध्ये हिमालयातल्या जुन्या जनानखान्यात सिस्टरांचं पथक येतं आणि वाऱ्यानं, उंचीनं, रंगांनी एकेकीचं भान सुटतं. हा हिमालय बहुतांशी इंग्लंडातल्या स्टुडिओत रंगवलेला आहे, आणि भारत म्हणजे गोऱ्या बाईचं मन ढळवणारी हवा, एवढंच त्यात आपलं काम. पण सिस्टर क्लोडाच्या आयर्लंडमधल्या फसलेल्या प्रेमाच्या आठवणी मधूनच प्रार्थनेत घुसतात ते आजही ताजं वाटतं. अमेरिकेत नेमक्या त्याच आठवणी कापून चित्रपट दाखवला गेला. सिस्टरला भूतकाळ असतो हेच तिथल्या धर्ममार्तंडांना नको होतं! 'द नन्स स्टोरी' (१९५९) मध्ये ऑड्रे हेपबर्न शेवटी झगा उतरवून गल्लीत निघून जाते, पार्श्वसंगीताशिवाय. फ्रान्समध्ये रिव्हेतच्या 'ला रेलिजिअज' वर १९६६ मध्ये बंदी आली आणि पुढच्या वर्षी उठली. अलीकडच्या भयपटांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. 'द नन' (२०१८) नं जगभरात ३६ कोटी डॉलरच्या वर गल्ला केला; त्यात झगा आहे, अंधार आहे, किंकाळ्या आहेत, बाई मात्र नाही.

खरं वळण पोलंडमध्ये आलं. पावेल पावलिकोव्स्की यांचा 'इडा' (२०१३) टोरंटोच्या महोत्सवात समीक्षकांचं पारितोषिक घेऊन गेला आणि २०१५ मध्ये ऑस्करही. साठच्या दशकाची सुरुवात. अनाथ म्हणून मठात वाढलेली ॲना शपथ घ्यायच्या बेतात आहे. मदर म्हणते, आधी तुझ्या एकुलत्या एक मावशीला भेटून ये. मावशी वांडा सिगारेट पेटवून सांगून टाकते की तू ज्यू आहेस, तुझं नाव इडा. इतर चित्रपटांत जो गौप्यस्फोट शेवटी येतो तो इथे पहिल्या काही मिनिटांत उरकला आहे. मग उरतं काय? उरतं ते कळल्यानंतर जगणं.

दोघी आईबापांची हाडं शोधत निघतात. ज्यानं मारलं तो शेतकरीच जंगलात खड्डा खणून हाडं काढून देतो, घर आपल्याकडे राहावं या अटीवर. मग तो त्याच खड्ड्यात गुडघे जवळ घेऊन बसून राहतो. वांडा आपल्या लहानग्या मुलाची कवटी फडक्यात गुंडाळून छातीशी धरते. कुणी हंबरडा फोडत नाही. चित्रपट कृष्णधवल, चौकट जुन्या टीव्हीसारखी चौकोनी, आणि माणसं चौकटीच्या तळाशी. डोक्यावर नुसती रिकामी जागा. ती जागा देवाची की गेलेल्यांची हे ज्यानं त्यानं ठरवावं. मठात परतल्यावर मौन पाळून चाललेल्या जेवणात ॲनाला मधूनच खुदकन हसू येतं. तेवढ्या एका हसण्यातून कळतं की आता ही पूर्वीची राहिलेली नाही. वांडा मोझार्ट लावते, खिडकी उघडते आणि बाहेर पाऊल टाकते. एका सकाळी.

वांडा साकारणाऱ्या आगाता कुलेशा तीन वर्षांनी 'ले इनोसांत' (२०१६) मध्ये मठप्रमुख झाल्या, आणि माझ्या लेखी या सगळ्या यादीतला सर्वांत धीट चित्रपट हाच. डिसेंबर १९४५, पोलंडमधला बेनेडिक्टाइन मठ. सोव्हिएत सैनिकांनी सिस्टरांवर बलात्कार केले आहेत, कित्येकजणी दिवसांच्या आहेत. कथानकाला मादलेन पोलिआक या फ्रेंच डॉक्टर बाईच्या नोंदींचा आधार आहे. ती स्वतः १९४६ मध्ये अपघातात गेली. तपासायला आलेल्या डॉक्टरचा हात अंगाला लागू देणं हेच काहींना पाप वाटतं, म्हणजे जखमेवर मलम लावायचं तरी शील आडवं येतं. बाळं जन्मली की मठप्रमुख ती गावातल्या कुटुंबाकडे पोचवते असं सांगते. प्रत्यक्षात ती त्यांना बर्फात, रस्त्याकडेच्या क्रुसाखाली ठेवून येते. देव बघून घेईल. आणि ही बाई काही राक्षसीण नाही. तिच्यावरही तेच झालं आहे, तिला सिफिलिस आहे, ती कुणाला सांगत नाही. मठाची अब्रू राखायला ती स्वतःचं अंगही पणाला लावते आणि दुसरीचं बाळही. घायाळ आणि घाव घालणारी एकाच झग्यात असू शकते, हे दिग्दर्शिका ॲन फोंतेन कुणाची वकिली न करता दाखवतात.

आयर्लंडच्या चित्रपटांत बाजू स्पष्ट आहे. तिथल्या मॅग्डलीन धुलाईघरांत १९२२ ते १९९६ दरम्यान सुमारे १०,००० मुली-बायका बिनपगारी कपडे धूत होत्या. कुणी कुमारी माता, कुणी बलात्कारित, कुणी नुसतीच दिसायला देखणी. सरकारनं २०१३ मध्ये माफी मागितली. त्याच्या अकरा वर्षं आधी पीटर मलन यांच्या 'द मॅग्डलीन सिस्टर्स' नं व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह पटकावला होता आणि व्हॅटिकनच्या दैनिकानं त्यावर कडाडून टीका केली होती. चित्रपट एकेरी आहे, सिस्टर ब्रिजेट जवळजवळ खलनायिका आहे. पण एक प्रसंग त्याला उचलून धरतो. नाताळात मुलींना 'द बेल्स ऑफ सेंट मेरीज' (१९४५) हा जुना चित्रपट दाखवतात. पडद्यावर इन्ग्रिड बर्गमन झालेली गोड, सोशिक सिस्टर. ते पाहून मुलींना बडवणाऱ्या ब्रिजेटच्या डोळ्यांत पाणी तरळतं. ती स्वतःला बर्गमन समजते! क्रूर माणसाला आपण चांगलेच आहोत याची खात्री सिनेमा कशी पुरवतो, यावर सिनेमानंच केलेली अशी टीका क्वचित सापडते.

'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (२०२४) मध्ये मारझोड नाहीच. १९८५ चा नाताळ, कोळसेवाला बिल फर्लाँग (किलियन मर्फी) रोज घरी येऊन ब्रशनं घासघासून हात धुतो. तो स्वतः कुमारी मातेचा मुलगा. एका मालकिणीनं आसरा दिला म्हणून वाचला. मठाच्या कोळशाच्या कोठारात कोंडलेली मुलगी त्याला सापडते तेव्हा त्याची जुनी जखम भळभळायला लागते. मठप्रमुख झालेल्या एमिली वॉटसन एका प्रसंगात चहा देत, पाकिटात पैसे घालत, गोड बोलत अशी दमदाटी करतात की अंगावर काटा येतो. बर्लिनमध्ये त्यांना सहायक भूमिकेचं पारितोषिक मिळालं ते उगाच नाही.

आता कॅनडा. इथल्या निवासी शाळांत शतकाहून अधिक काळात सुमारे १,५०,००० मूलनिवासी मुलं घातली गेली, त्यातल्या निम्म्याहून अधिक शाळा कॅथलिक संस्थांकडे होत्या, शेवटची १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाली. सत्यशोधन आणि सलोखा आयोगानं २०१५ मध्ये अहवाल दिला. पोप फ्रान्सिस २०२२ च्या जुलैत अल्बर्टात येऊन माफी मागून गेले. यावर 'व्हेअर द स्पिरिट लिव्ह्ज' (१९८९), 'वी वेअर चिल्ड्रन' (२०१२), 'इंडियन हॉर्स' (२०१७), 'बोन्स ऑफ क्रोज' (२०२२) असे चित्रपट एकामागून एक आले. आपल्या ओंटारियोतल्या फोर्ट अल्बनीच्या सेंट ॲन्स शाळेत मुलांना घरगुती बनावटीच्या विजेच्या खुर्चीत बसवून झटके दिले जात. त्यावरचा 'इन जीझस नेम' (२०१७) हा माहितीपट बघवत नाही, पण बघावा. क्वेबेकचं प्रकरण त्याहून विचित्र. केंद्राकडून मनोरुग्णालयांना अधिक पैसे मिळत, म्हणून सिस्टरांची अनाथालयं कागदोपत्री मनोरुग्णालयं झाली आणि धडधाकट पोरं रातोरात मतिमंद ठरली. ड्युप्लेसी अनाथ म्हणून ही मुलं ओळखली जातात. १९९७ मध्ये त्यांच्यावर दूरचित्रवाणी मालिका झाली.

या सगळ्यांच्या वर मी 'शुगरकेन' (२०२४) ठेवते. ज्युलियन ब्रेव्ह नॉइझकॅट आणि एमिली कॅसी यांचा हा माहितीपट ऑस्करच्या अंतिम यादीत पोचला. विषय सेंट जोसेफ्स मिशन, म्हणजे फिलिस वेबस्टॅडची तीच शाळा. ज्युलियनचे वडील एड यांचा जन्म या शाळेत झाला, आणि १९५९ मध्ये नवजात एड शाळेच्या कचरा जाळायच्या भट्टीत सापडले. रडण्याचा आवाज कुणाच्या तरी कानावर पडला म्हणून जगले. 'ॲग्नेस'मधलं टोपलीतलं बाळ आठवतं ना? तिथे ते एक कोडं होतं, बाप कोण, देव की माणूस, यावर दोन हुशार बायकांनी वाद घालायचा. इथे ते बाळ साठी ओलांडलेला माणूस आहे, लाकडात कोरीवकाम करतो, दारूतून बाहेर आला आहे, आणि पोटच्या पोराला सोडून गेला होता. बापलेक गाडीतून लांबच्या प्रवासाला निघतात, हसतात, गातात आणि मध्येच भांडतात. मुलगा म्हणतो, तुम्हाला टाकलं तसं तुम्हीही मला टाकलंत. आघात पिढ्यांतून उतरतो म्हणजे काय, हे समजायला याहून जास्त काही वाचायची गरज नाही.

आणि आजी. एड यांची आई जिवंत आहे, सगळं तिलाच ठाऊक आहे. मुलगा विचारतो, ती बोलू शकत नाही. दिग्दर्शक तिचा नातू आहे, कॅमेरा त्याच्या हातात आहे; तो कॅमेरा तिच्या तोंडाशी नेत नाही. किल्ली हातात असून पेटी न उघडण्याचा हा निर्णय मला ज्युइसनच्या साऱ्या कौशल्याहून मोठा वाटतो.

हा माहितीपट मी सासूबाईंबरोबर पाहिला. त्या दरवर्षी उन्हाळ्यात इथे असतात. पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. पाऊण तास गप्प होत्या, मग म्हणाल्या, "अगं, आमच्या सिस्टर अशा नव्हत्या हो." थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, "आम्ही फी भरणारे होतो." मी त्यावर काही बोलले नाही. त्यात सगळं आलं.

भारतीय पडद्यावर मात्र हा विषय अजून गुन्ह्याच्या तपासापलीकडे फारसा गेलेला नाही. कोट्टायमच्या मठाच्या विहिरीत १९९२ मध्ये सिस्टर अभयाचा मृतदेह मिळाला. १९९९ चा मल्याळम 'क्राइम फाइल' त्या धाग्यावर बेतलेला, सुरेश गोपींचा धडाकेबाज थरारपट. न्यायालयानं एका पाद्र्याला आणि एका सिस्टरला डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, जन्मठेप दिली. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं शिक्षा स्थगित करून दोघांना जामीन दिला. त्या मठात उरलेल्या बायकांची ही वर्षं कशी गेली असतील, हा चित्रपट कुणी केला नाही. 'द फेस ऑफ द फेसलेस' (२०२३) सिस्टर राणी मारियावर आहे. इंदूरजवळच्या आदिवासींत सावकारांविरुद्ध काम केलं म्हणून १९९५ मध्ये बसमध्ये तिचा खून झाला. पुढे तिच्या सख्ख्या बहिणीनं, तीही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. क्षमा थोर आहे, पण चित्रपट तिच्याकडे इतक्या घाईनं धावतो की क्षमेआधीच्या रात्री दिसतच नाहीत.

आपल्या मराठीत तर याहून मोठी गोष्ट पडून आहे. पंडिता रमाबाई. आईबाप दुष्काळात उपासमारीनं गेले, भाऊ गेला, नवरा गेला. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला वाँटेजच्या सेंट मेरी मठात पोचल्या. सोबत आनंदीबाई भगत. इथे आपल्याला बळजबरीनं बाटवतील या धास्तीनं आनंदीबाईचं मन सैरभैर झालं आणि तिनं तिथेच आत्महत्या केली. काही दिवसांतच, २९ सप्टेंबरला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या ऑक्सफर्डला मॅक्स म्युलरांकडे राहिल्या तेव्हा रात्री एकटं झोपणं त्यांना शक्य नव्हतं. मोलकरणीला त्यांच्या खोलीत झोपवावं लागे, असं म्युलरांनी लिहून ठेवलं आहे. सभा गाजवणारी, संस्कृतच्या पंडितांना गप्प करणारी ही बाई. पुढे वाँटेजच्या त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला. जेराल्डिन मायाही करते आणि हेकाही सोडत नाही, रमाबाई नमतही नाहीत आणि नातं तोडतही नाहीत. जखमी शिष्या आणि तिला घडवू पाहणारी सिस्टर, दोघींनाही पुरेपूर न्याय देणारा हा मजकूर आहे, कुठलीही किल्ली न लावता.

ज्यांना हे चित्रपट पाहायचे असतील त्यांनी 'इडा'पासून सुरुवात करावी, मग 'ले इनोसांत', शेवटी 'शुगरकेन'. लहान मुलांना घेऊन यातला एकही पाहू नये. टोरंटो पब्लिक लायब्ररीचं कार्ड असलेल्यांनी आधी कॅनोपी या चित्रपट-संकेतस्थळावर शोधावं, बरेचदा पैसे वाचतात. आणि मराठीत पटकथा लिहिणाऱ्यांना एक विनंती. सिस्टर जेराल्डिननी जमवलेली रमाबाईंची पत्रं अ. भि. शहा यांनी संपादित केली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ मध्ये छापली. चरित्रपटाच्या नेहमीच्या साच्यात जन्म ते मृत्यू असं काही करू नका. वाँटेजचे ते काही महिने तेवढे घ्या, आणि आनंदीबाईला नाव द्या, चेहरा द्या, दोन-चार प्रसंग तिचे म्हणून लिहा.